शॉर्ट बेड ट्रकला फिफ्थ व्हीलचा हिच कोणता बसवावा?

रानवाटी

मंडळी, नमस्कार. दहा वर्षं तंबूत झोपलो. आता पाठ कुरकुरते आणि मुलं उघड उघड बंड करतात, म्हणून विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घ्यायचं ठरवलंय. एक जुना ३० फुटी फिफ्थ व्हील बघून ठेवला आहे. रिकामा ९,४०० पाउंड, भरून कमाल १२,०००, रुंदी ९६ इंच. ट्रक रॅम २५०० डिझेल, क्रू कॅब, बेड, म्हणजे मागचा उघडा हौदा, ६ फूट ४ इंच. मुक्काम टेक्सास. थंडीत बिग बेंड नॅशनल पार्कला जायचं मनात आहे.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: साधा ट्रेलर मागच्या बंपरखालच्या गोळ्याला अडकवतात. फिफ्थ व्हीलचं नाक मात्र ट्रकच्या बेडवर येतं, आणि त्याखाली लोंबणारा किंगपिन बेडमध्ये बसवलेल्या हिचच्या जबड्यात अडकतो. कंटेनरवाल्या ट्रेलरसारखंच, फक्त धाकटं भावंड.

अडचण अशी की बेड आखूड असला तर काटकोनात वळताना ट्रेलरचा कोपरा कॅबवर आपटतो म्हणे. त्यावर उपाय चार दिसतात: जागचा न हलणारा साधा हिच, हाताने सरकवायचा स्लायडर, आपोआप सरकणारा स्लायडर, नाहीतर ट्रेलरचा पिन बॉक्सच (किंगपिन ज्याला जोडलेला असतो तो नाकाखालचा भाग) बदलणं. एक दुकानदार म्हणतो साधा पुरे, दुसरा म्हणतो ऑटोमॅटिकशिवाय घराबाहेर पडू नका. दोघांच्याही गोदामात तोच माल पडून असणार असा मला दाट संशय आहे. तुमचा काय अनुभव?

गोंद्या

पहिला! चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

स्वस्तात_मस्त

साधा हिच. चार वर्षं झाली, ट्रक तुमच्यासारखाच आखूड, अजून एक ओरखडा नाही. वळण घेताना आरशात बघायचं, संपलं. लोक उगाच घाबरवतात.

भटकभवानी

@स्वस्तात_मस्त, तीन वर्षं मीही हेच म्हणत होते.

पॅलो ड्युरो कॅन्यनला गेलो होतो. दरीत उतरणारा रस्ता १० टक्के उताराचा, तो मी स्वतः चालवत नीट उतरवला, म्हणून मान ताठ. कॅम्पग्राउंडला पोचेपर्यंत अंधार पडत आलेला. आमच्या जागेसमोरचा रस्ता अरुंद आणि पलीकडे झाड, त्यामुळे रिव्हर्स घेताना ट्रक जवळजवळ आडवा करावा लागला. नवरा मागे टॉर्च घेऊन उभा. एसटीच्या कंडक्टरसारखा "येऊ दे, येऊ दे, येऊ दे". मी आरशात त्याचा टॉर्च बघतेय, तो ट्रेलरच्या मागचा विजेचा खांब बघतोय. ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याकडे बघायला दोघांपैकी कोणीच नाही.

आवाज फार मोठा झाला नाही. पापड मोडावा एवढाच. मग मागच्या सीटवर खडीसाखर सांडल्यासारखे काचेचे दाणे, लेकीच्या बूस्टर सीटमध्ये, कपहोल्डरमध्ये, सगळीकडे. लेक नशिबाने बाहेर बाबाजवळ होती. तो मात्र अजून म्हणतच होता, "येऊ दे".

पुढचे पाच दिवस मागच्या खिडकीला शॉवरचा पडदा चिकटवून फिरलो. घरी आल्यावर पहिलं काम, स्लायडर घेतला. तोही हाताने सरकवायचाच, कारण काचेत पैसे गेले होते.

गोंद्या

"येऊ दे" हे शेवटचे शब्द. खिक्.

चिंगी_ओहायो

रानवाटी, कोणाचाही अनुभव ऐकण्याआधी टेप काढा. दोनच मापं लागतात.

एक, कॅबच्या मागच्या भिंतीपासून हिचच्या मध्यापर्यंतचं अंतर. दोन, ट्रेलरच्या रुंदीचा निम्मा. ट्रक आणि ट्रेलर बरोबर काटकोनात आले की ट्रेलरची कूस कॅबला समांतर होते आणि किंगपिनपासून निम्म्या रुंदीइतकी पुढे येते. म्हणजे ९६ इंचीचे ४८, १०२ इंची असला तर ५१. माझ्या आखूड बेडच्या ट्रकमध्ये कॅब ते हिच ४० इंच भरले. ४८ मोठे की ४०, हे तिसरीतलं पोर सांगेल.

आता स्लायडर १२ इंच मागे गेला की ४० चे ५२ होतात. ९६ इंचीला चार इंच मोकळे, १०२ इंचीला फक्त एक. तो एक इंच ट्रक आणि ट्रेलर वेगवेगळ्या उतारावर असले की खलास, कारण ट्रेलर कलला की वरची कड पुढे झुकते.

हल्लीच्या ट्रेलरांच्या नाकाचे कोपरे आत कापलेले असतात, त्याला भुलू नका. त्यामुळे बरंच जास्त वळता येतं हे खरं, पण पूर्ण काटकोनात कोपरा नाही, कूस लागते. स्वस्तात_मस्त यांना चार वर्षं ओरखडा नाही याचा अर्थ ते चार वर्षं ७०-७५ अंशांच्या आत वळलेत, एवढाच.

स्वस्तात_मस्त

मी नेहमी सरळ घुसून सरळ बाहेर पडता येणारी जागाच बुक करतो. रिव्हर्सच घेत नाही.

चिंगी_ओहायो

मग बरोबर. पोहायला येत नाही म्हणून बुडलो नाही.

वजनकाटा

हिचचं नंतर. आधी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा पिवळा स्टिकर वाचा. "माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांवर नको" असं लिहिलेलं असतं. तो आकडा इथे टाका.

गोंद्या

आले वजनपोलीस. धागा आता शंभरी गाठणार.

रानवाटी

@वजनकाटा, २,३९०. पण ट्रक ओढतो तर १५,००० च्या वर!

वजनकाटा

ओढणं वेगळं, पेलणं वेगळं. बैल गाडी ओढतो म्हणून त्याच्या पाठीवर पोती रचता का?

साध्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन ट्रकच्या शेपटीवर येतं. फिफ्थ व्हीलचं साधारण २० टक्के, कधी त्याहून जास्त, थेट बेडमध्ये. तुमचा ट्रेलर सामान भरून ११,००० धरू. त्याचे २० टक्के म्हणजे २,२०० झाले पिनचे. चार माणसं आणि बर्फाची पेटी मिळून ५५०. स्लायडर हिच स्वतः दोनशेच्या वर, २२० धरा. बेरीज २,९७०. स्टिकर २,३९०. ५८० पाउंड जास्त, म्हणजे अडीचशे किलोच्या वर.

आणि जाहिरातीत छापलेल्या पिनच्या वजनावर जाऊ नका. तो रिकामा आकडा. त्यात बॅटरी नाही, गॅसच्या टाक्या भरलेल्या नाहीत, आणि नाकाखालचं मोठं कपाट रिकामं. तुम्ही नेमकं तेच कपाट आधी भरणार.

पाटील_फ्रेझ्नो

स्टिकर म्हणजे वेद नाहीत. तुमच्या २५०० सारख्या पाऊण टनी ट्रकांचं एकूण वजन १०,००० पाउंडांवर अडकवलेलं असतं ते बऱ्याचदा नोंदणीच्या वर्गासाठी. मागचा आस आणि टायर किती पेलतात ते बघा. मी आसाच्या रेटिंगच्या आत राहून सहा वर्षं ओढतोय.

वजनकाटा

आणि अपघात झाला तर समोरचा वकील काय वाचेल? आसाचं रेटिंग की स्टिकर?

पाटील_फ्रेझ्नो

वकिलाच्या भीतीने जगायचं तर घरातच बसावं. असो, तुमचं-आमचं यावर जमणार नाही.

अवांतर, पण कॅलिफोर्नियात येणार असाल तर: ट्रेलर मागे लावला की वेगमर्यादा ५५. आणि १०,००० च्या वर १५,००० पर्यंतच्या फिफ्थ व्हीलला इथल्या लोकांना लायसन्सवर वेगळी नोंद करून घ्यावी लागते. टेक्सासमध्ये तुम्ही ७५ ने जाल हो, पण ट्रेलरच्या टायरवर काय लिहिलंय तेही वाचा. कित्येक ट्रेलर टायर ६५ मैलांचेच असतात.

बिग बेंडबद्दल: चिसोस बेसिनच्या रस्त्यावर २० फुटांहून लांब ट्रेलर आणू नका असं पार्कच सांगतं. रिओ ग्रांदे व्हिलेजला मुक्काम करा आणि वर नुसता ट्रक घेऊन जा.

मृण्मयी_क

मला हिचमधलं काही कळत नाही, पण एक विचारू का? याला पाचवं चाक का म्हणतात? मी मघापासून चाकं मोजतेय.

अप्पा_कोलोरॅडो

मृण्मयी, घोडागाडीपासून आलंय. पुढचा आस वळावा म्हणून आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवं चाक बसवत. चार उभी, हे पाचवं आडवं. पुढे ट्रक आले तरी नाव राहिलं. विमानं बनवणाऱ्या ग्लेन कर्टिसने १९२० च्या दशकाच्या शेवटी एरोकार नावाचा फिरता ट्रेलर काढला, त्यात तर ओढणाऱ्या मोटारीत खरोखरच विमानाचं टायर आडवं ठेवून त्यात ट्रेलरची पिन बसवायचे. धक्केही तेच टायर खायचं. माणूस हुशार.

आता मुद्द्याचं. मी दोन्ही स्लायडर वापरलेत.

हाताचा असा: जागेवर पोचायच्या आधी सपाट आणि सरळ रस्त्यावर थांबायचं. उतरून हिचचं लिव्हर ओढून कुलूप सोडवायचं. परत गाडीत बसून ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधल्या कंट्रोलरने हाताने दाबून धरायचे आणि ट्रक अगदी सावकाश पुढे घ्यायचा. ट्रेलर जागचा हलत नाही, ट्रक पुढे जातो, म्हणजे हिच बेडमध्ये मागे सरकतो. खट् आवाज आला की झालं. मग हवं तसं वळा. निघताना हे सगळं उलट करून परत पुढे आणायचं. हे विसरायचं नाही! मागे सरकलेल्या हिचवर रस्त्याला लागलात तर सगळा भार मागच्या आसाच्या मागे पडतो आणि स्टिअरिंग हलकं होतं.

याचा दोष एकच. त्याची गरज नेमकी पावसात, अंधारात, मागे तीन गाड्या खोळंबलेल्या असताना पडते, आणि तेव्हाच माणूस म्हणतो, "जाऊ दे, बसेल एवढ्यात." भटकभवानींचा किस्सा पुन्हा वाचा.

ऑटोमॅटिकमध्ये (माझा पुलराइटचा सुपरग्लाइड) ट्रेलर वळला की हिच आपणहून मागे जातो, सरळ झाला की पुढे येतो. उतरायला नको. पण पिन बॉक्सला एक प्लेट कायमची बसवावी लागते, वजन भरपूर, आणि किंमत ऐकून बायकोने मला आठवडाभर मुगाची खिचडी वाढली.

स्वस्तात_मस्त

मग हलका अँडरसनचा हिच घ्या ना. अॅल्युमिनियमचा, चाळीस पाउंडांच्या आसपास. बेडच्या तळातल्या गोळ्यावर (गूजनेक म्हणतात त्या जोडणीच्या) बसतो आणि एकटा माणूस उचलून गॅरेजमध्ये ठेवतो. वजनपोलिसांचे दीड-दोनशे पाउंड तिथेच वाचले. किंवा ट्रेलरलाच गूजनेक अडॅप्टर लावा, बेड रिकामाच राहतो.

चिंगी_ओहायो

अँडरसन चांगला आहे, माझ्या जावेकडे आहे. पण तो सरकत नाही, म्हणजे ४० आणि ४८ चं गणित तसंच राहतं.

लांब गूजनेक अडॅप्टरबद्दल मात्र जपून. किंगपिनऐवजी खाली बेडच्या तळापर्यंत लांब नळी जाते. म्हणजे ब्रेक दाबताना ट्रेलरच्या सांगाड्यावर पहारीने उचकटल्यासारखा जोर येतो. काही ट्रेलर बनवणारे असा अडॅप्टर लावला तर सांगाड्याची वॉरंटी देत नाहीत. आधी कागद वाचा.

चौथ्या उपायाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून: फिरता पिन बॉक्स, रीसचा साइडवाइंडर वगैरे. यात किंगपिन हिचमध्ये पाचर मारून घट्ट बसवतात, तो फिरतच नाही. वळण्याचा सांधा सुमारे २२ इंच मागे, ट्रेलरच्या नाकाखाली जातो. त्यामुळे हिच साधा चालतो आणि काटकोनात वळता येतं. पण पाचर तुमच्या हिचच्या जबड्याला जुळणारी हवी, आणि रिव्हर्स घेताना ट्रेलर थोडा वेगळा वागतो, हात बसायला वेळ लागतो.

उरणकर

मी न्हावाशेवाला २२ वर्षं ट्रान्सपोर्टमध्ये आहे, तुमचे सुट्टीचे ट्रेलर पाहिले नाहीत. पण किंगपिन तोच दोन इंची दिसतो. आमच्याकडे पुढच्या गाडीला घोडा म्हणतात. घोडा लावणाऱ्या पोरांना पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिकवतो, तुम्हालाही उपयोगी पडतील.

ट्रेलरची प्लेट हिचपेक्षा किंचित खाली ठेवायची, म्हणजे मागे घेताना ती चढून बसते. उंच राहिली तर पिन जबड्याच्या वर टेकते, बघणाऱ्याला वाटतं लागली, आणि पहिल्या खड्ड्यात ट्रेलर खाली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं, खट् आवाजावर विश्वास नाही. टॉर्च घेऊन वाकून जबडा बंद झालाय का बघायचं.

तिसरं, ट्रेलरचे पाय टेकलेले ठेवून, ट्रेलरचे ब्रेक लावून घोडा हलकेच पुढे ओढून बघायचा. सुटायचा असेल तर तिथेच सुटू दे, हायवेवर नको.

प्लेटला ग्रीस लावता ना?

भटकभवानी

@उरणकर, लावत होते. मग एकदा पांढऱ्या कुर्त्यावर लागलं. आता मध्ये प्लॅस्टिकची चकती घालते.

आणि चौथी गोष्ट माझी: मागे घेण्याआधी टेलगेट खाली. विचारू नका कशी कळली.

मृण्मयी_क

कॅम्पग्राउंडवर कुकरच्या शिट्ट्यांना कोणी हरकत घेतं का? हा माझा खरा प्रश्न आहे, दिवे घ्या.

अप्पा_कोलोरॅडो

आमच्याकडे एकदा शेजारचे आजोबा धावत आले, त्यांना वाटलं गॅसची टाकी फुटतेय. त्यांना वरणभात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःची वाटी घेऊन आले.

गोंद्या

कुकरचंही वजन पेलोडमध्ये, म्हणजे स्टिकरवरच्या आकड्यात, धरा. वजनकाटा, बरोबर ना?

वजनकाटा

कुकरचं सोडा, पाण्याचं धरा. गॅलनला ८.३ पाउंड. ६० गॅलनची टाकी भरून निघालात की ५०० पाउंड वाढले. टाकी चाकांच्या पुढे असेल तर त्यातला वाटा पिनवर येतो. पोचल्यावर भरा.

रानवाटी

सगळं वाचलं, वाचनखूण साठवली. सध्या बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं. ते श्रीगोंद्याकडचे, अर्धं आयुष्य बैलगाडीवर. पिनवर २० टक्के कशाला, कमी ठेवता येत नाही का, असं मी म्हणालो, तर म्हणाले, "मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होती. जू मानेवरनं वर उचलतं अन् बैलाला धर राहत नाही. फार पुढं भरलं की धुरजड, मान सोलती. पण उतारावर उलाळ गाडी धुरजडपेक्षा वाईट." ट्रेलर मागे जड झाला तर तो हायवेवर शेपटीसारखा झुलतो असं मी नंतर वाचलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मग मी काय सांगितलं?"

टेप घेऊन बसलो होतो. कॅब ते हिचची जागा ३९ इंच. म्हणजे साधा हिच बाद. आणि ३० फुटी ट्रेलरही बाद, वजनकाटा यांच्या कृपेने. बायको दोन दिवस बोलत नव्हती, कारण त्यात मधोमध सुटा ओटा असलेलं, 'आयलंड'वालं स्वयंपाकघर होतं.

वजनकाटा

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या ओळखत नाहीत तेच बरं.

रानवाटी

तीन आठवड्यांनी पुन्हा येतोय.

२४ फुटी घेतला. भरून कमाल ८,५००, रुंदी ९६. ट्रकच्या बेडमध्ये कारखान्यातूनच पकची भोकं (हिचचे पाय अडकवायच्या जागा) होती, त्यामुळे हिचसाठी रूळ ठोकायला, भोकं पाडायला लागलं नाही. त्यातच बसणारा हाताचा स्लायडर घेतला. ऑटोमॅटिक परवडला नसता असं नाही, पण त्याचं वजन बघून मागे फिरलो. फिरता पिन बॉक्स पटला होता, पण ट्रेलर दोन-तीन वर्षांत बदलणार हे मला माहीत आहे, आणि हिच ट्रकमध्ये राहतो.

ट्रक स्टॉपवरच्या कॅट काट्यावर दोनदा वजन केलं, एकदा ट्रेलरसकट, एकदा नुसता ट्रक. ट्रकच्या दोन आसांच्या बेरजेत फरक आला १,५६०, तोच पिनचा भार. ट्रेलर एकूण ७,८२०. म्हणजे बरोबर २० टक्क्यांच्या आसपास. ५५० आणि २२० मिळवून २,३३०. स्टिकरला ६० शिल्लक.

वजनकाटा

बाबा गाडीत बसले की उणे.

रानवाटी

तेही धरलं. थोरल्याच्या वजनी व्यायामाच्या डिस्क घरी ठेवायला लावल्या आणि टूलबॉक्स ट्रकमधून काढून ट्रेलरच्या चाकांवर टाकला. बाबांनी जागा दाखवली.

काल मोकळ्या पार्किंगमध्ये सराव केला. लिव्हरपर्यंत माझा हात पोचतो, बायकोचा बेडच्या कडेवरून पोचत नाही. म्हणून लिव्हरला नायलॉनची दोरी बांधून कडेला आणून ठेवली. तिने ती ओढली, मी ब्रेक धरून ट्रक पुढे घेतला, खट् झालं. मग पूर्ण काटकोनात वळवला. खाली उतरून मधल्या फटीत हात घातला. मनगटापर्यंत गेला, त्याच्यापुढे नाही. बाबांनी दोरीला कासरा नाव ठेवलंय आणि आता घरात कोणी तिला दोरी म्हणत नाही.

भटकभवानी

मागून कोण बघत होतं?

रानवाटी

धाकटी. तिला मागे नाही, पुढच्या कोपऱ्याकडे उभी केली होती. "येऊ दे" म्हणायचं नाही, फक्त "थांब" म्हणायचं, असं ठरवून.

उरणकर

जबडा वाकून पाहिलात ना?

रानवाटी

पाहिला दादा. टॉर्च घेऊन.

मृण्मयी_क

आणि कुकर कोणत्या चाकांवर ठेवला?